श्रीगणेशा अर्थासह व्हावा

(रांजणगाव गणपती येथे प्राथमिक शिक्षक आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



अष्टविनायकांपैकी महागणपतीचे हे क्षेत्र. त्रिपुरासुरावर चालून जाण्यापूर्वी प्रत्यक्ष महादेवांनी येथे गणेशाचे स्तवन केले, अशी या स्थानाची कथा आहे. कार्यारंभी गणेशाचे स्मरण करावे, हा संस्कार आपल्या भाषेत इतका मुरला आहे की कोणत्याही कामाच्या आरंभाला आपण 'श्रीगणेशा करणे' म्हणतो. मात्र या शब्दप्रयोगाचे घर शाळेत आहे. मुलाच्या हाती पाटी दिली की त्याच्याकडून पहिल्याप्रथम 'श्री गणेशाय नमः' ही अक्षरे गिरवून घेतली जात. 'ओनामा' हा शब्दही तसाच. 'ॐ नमः सिद्धम्' या मंगलवचनाचे ते मराठी रूप. मराठी माणसाच्या लेखी आरंभ म्हणजे अक्षरारंभ, असा या दोन्ही शब्दांचा निर्वाळा आहे.

याच देवतेची आणखी एक कथा आज मला सांगायची आहे. महाभारत सांगायला व्यास बसले, लेखक म्हणून त्यांनी गणेशाला पाचारण केले. गणेशाने अट घातली, की माझी लेखणी मध्ये थांबता कामा नये. व्यासांनी प्रतिअट घातली, की अर्थ कळल्यावाचून एक अक्षरही लिहायचे नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने हा प्रसंग मूळ संहितेत न घेता परिशिष्टात ठेवला आहे, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. परंतु लोकमानसाने तो शतकानुशतके जपला, आणि त्यात प्राथमिक शिक्षणाचे सारे सूत्र आले आहे. लेखणी अडखळू नये, ही पहिली अट. समजल्याशिवाय ती चालू नये, ही दुसरी. गफ आणि टनमर या पाश्चात्त्य अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाची जी साधी व्याख्या मांडली, तीही हेच सांगते : अक्षरे ओळखून उच्चारण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार म्हणजे वाचन. बेरीज नव्हे, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य असेल, तर उत्तर शून्यच येते.

आकड्यांमागील मूल

आज आपल्या वर्गांमध्ये हे उत्तर काय येते आहे? 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन मुलांच्या वाचनाची पाहणी केली जाते. 'असर' या नावाने तिचे अहवाल प्रसिद्ध होतात. तिसरीच्या मुलापुढे दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट ठेवायची आणि ती त्याला वाचता येते का, एवढेच पाहायचे. २०२२ साली देशभरातील तिसरीच्या मुलांपैकी २०.५ टक्के मुलांना ती वाचता आली. करोनाकाळात बंद राहिलेल्या शाळांचा तो परिणाम होता. २०२४ साली हे प्रमाण २७.१ टक्क्यांपर्यंत सुधारले. सुधारणेचे श्रेय शिक्षकांना दिलेच पाहिजे. पण सत्तावीस टक्के म्हणजे चारांतील एक. उरलेली तीन मुले चौथीत जातात आणि तेथे त्यांच्या पुढ्यात इतिहास, भूगोल आणि विज्ञान यांची पुस्तके ठेवली जातात.

वाचनाच्या बाबतीत तिसरी इयत्ता हा उंबरठा आहे. तोवर मूल वाचायला शिकते, त्यानंतर ते शिकण्यासाठी वाचते. जे उंबरठ्याच्या अलीकडे राहिले, त्याला पुढे सर्वच विषय बंद होतात. ते गणितात मागे पडते, कारण उदाहरण वाचता येत नाही. ते गप्प बसू लागते, कारण बोलले तर उघडे पडेल अशी त्याला भीती वाटते. पाचवी-सहावीत ते गैरहजर राहू लागते. पुढे ते शाळेबाहेर पडले की आपण म्हणतो, त्याला अभ्यासाची गोडी नव्हती. खरे पाहता त्या मुलाने शाळा कित्येक वर्षे आधीच सोडलेली असते. पटावरचे नाव तेवढे मागाहून निघते.

केंद्र शासनाने ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' अभियान सुरू केले. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित यावे, हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठण्याचे त्यात ठरले. उद्दिष्ट योग्य आहे. परंतु अभियाने कागदावर पूर्ण होतात आणि मुले वर्गात शिकतात, हा भेद आपण विसरता कामा नये.

धूळपाटीपासून पाठ्यपुस्तकापर्यंत

लेखन-वाचनाचा विचार आपल्याकडे बाहेरून आला, असे समजण्याचे कारण नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला वाहिला आहे. अक्षर वाटोळे, सुटे आणि ठसठशीत असावे, ग्रंथाच्या आरंभापासून अखेरपर्यंत त्याचे वळण एकसारखे राहावे, शाई, कागद, लेखणी यांची निगा कशी राखावी, असा बारकाईचा विचार त्यात आहे. मोक्षाची वाट दाखविणाऱ्या ग्रंथात शाई घोटण्याचा विषय यावा, यातच समर्थांची दृष्टी दिसते. आणि लक्षात घ्या, लेखनानंतर लगेच येणारा दुसरा समास आहे विवरणाचा. अक्षर आधी नेटके करा, मग त्याचा अर्थ उलगडा. व्यासांची अट समर्थांनीही सोडलेली नाही.

जुन्या शाळेत पंतोजी धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवून घेत. पुढे मारिया माँटेसरी यांनी खरखरीत कागदाची अक्षरे करून मुलांची बोटे त्यांवरून फिरविली, तेव्हा जगाला ते नवल वाटले. स्पर्शातून अक्षराचे वळण हातात उतरते, हे आपल्या पंतोजींना ठाऊक होते. मात्र त्या पद्धतीचा दोषही सांगितला पाहिजे. तीत घोकंपट्टी होती, छडी होती आणि समाजातील फार मोठ्या वर्गाला तिचे दार बंद होते. ते दार उघडण्यासाठी महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी उच्च शिक्षणाआधी प्राथमिक शिक्षणावर भर द्या, अशी आग्रही मागणी केली. आपल्या समाजाचे ऐक्य घडवू पाहणाऱ्या प्रत्येकाने त्यांचे हे ऋण मान्य केले पाहिजे. जो समाज आपल्याच निम्म्या लेकरांना निरक्षर ठेवतो, तो संघटित कसा होणार?

त्यानंतरची परंपरा मोठी आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम उभारले, १९४५ साली बोर्डी येथे ते खेड्यात नेले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वनवासी मुलांपर्यंत पोहोचविले. अनुताई वाघ यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. १९६७ साली 'बालभारती' स्थापन झाली आणि वाडी-वस्तीवरील मुलाच्या हाती एकसारखे पाठ्यपुस्तक आले. शुद्धलेखनाचे १९६२ सालचे चौदा आणि १९७२ सालचे चार नियम यांनी न उच्चारल्या जाणाऱ्या अनुस्वारांचे ओझे उतरविले. लहान मुलाच्या दृष्टीने ही केवढी सोय झाली, याची आज आपल्याला कल्पनाही येत नाही.

आपली लिपी : वैभव आणि वळणे

पहिलीच्या मुलाला अडते कोठे, ते आता पाहू. देवनागरी ही जगातील अत्यंत शास्त्रशुद्ध लिप्यांपैकी एक. कंठापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानांप्रमाणे वर्ग पाडलेली अशी वर्णमाला अन्यत्र क्वचितच आढळेल. त्याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. परंतु वर्णमालेचा क्रम शास्त्रासाठी उत्तम म्हणून तो शिकविण्यासाठीही उत्तम, असे होत नाही. आपल्या जुन्या शिक्षकांनाही हे माहीत होते. म्हणून तर त्यांनी क, ख, ग या क्रमाऐवजी वळणांच्या सारखेपणावरून 'ग म भ न' असा क्रम लावला.

चौतीस व्यंजने आणि त्यांची बारा-बारा रूपे धरली तर चारशे आठ अक्षरे होतात. त्यात जोडाक्षरे वेगळी. स्वरचिन्हे अक्षराच्या चारही बाजूंना लागतात. काना उजवीकडे, मात्रा वर, उकार खाली, आणि पहिली वेलांटी डावीकडे. 'किती' लिहिताना मूल वेलांटी आधी पाहते, पण उच्चारताना क आधी म्हणते. एकट्या 'र'ची तऱ्हा पाहा : 'कर'मधील र, 'अर्क'मधील रफार, 'क्रम'मधील तिरपी रेघ, 'राष्ट्र'मधील पायातील खूण आणि 'दऱ्या'मधील अर्धचंद्रासारखे रूप. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत एवढ्याशा खुणेने केवढा फरक पडतो!

मराठीची म्हणून आणखी वळणे आहेत. 'चार' आणि 'चारा' यांतील च एकच लिहितो, पण उच्चार दोन. जग म्हणजे विश्व आणि जग म्हणजे जगण्याची आज्ञा, दोन्ही एकसारखे लिहिले तरी ज वेगळा. 'कमळ' वाचताना मूल क-म-ळ असे तीन पूर्ण अक्षरे उच्चारते आणि ऐकणाऱ्याला तो शब्द ओळखू येत नाही, कारण बोलताना आपण शेवटचा अ गिळतो. 'कवी' दीर्घ आणि 'कविता' ऱ्हस्व, हे कानाला कळत नाही, नियमानेच ध्यानात ठेवावे लागते. कन्नड वाचनावर काम करणाऱ्या डॉ. सोनाली नाग यांच्या अभ्यासातून दिसले की भारतीय लिपीतील सर्व अक्षररूपे आत्मसात होण्यास मुलांना तिसरी-चौथीपर्यंतचा काळ लागतो. तेव्हा पहिलीतल्या मुलाला रफार येत नाही म्हणून त्याला 'ढ' ठरविण्याचा अधिकार आपल्याला नाही. ते मूल वाटेवर आहे. फक्त वाट लांब आहे.

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत लिपिशुद्धीची चळवळ चालविली, हे आपणांस ठाऊक आहे. स्वरांसाठी वेगळी चिन्हे न ठेवता अ याच अक्षराची बाराखडी करावी, अि, अी, अु, अू असे लिहावे, असे त्यांनी मांडले. छपाईचे खिळे कमी व्हावेत हा त्यामागील मोठा हेतू. ती पद्धत सर्वत्र रूढ झाली नाही. तथापि तीत शिक्षणाचे एक मर्म होते : स्वरचिन्हाचे तत्त्व मुलाला एकदा उमगले की ते सगळीकडे लागू पडावे.

मामा, काका, नाक, कान

या मर्माचा वर्गातील उपयोग आपल्याच भागात, फलटणला झाला. डॉ. मॅक्सिन बर्नसन या जन्माने अमेरिकन. मराठीच्या बोलीचा अभ्यास करण्यासाठी त्या फलटणला आल्या आणि तेथेच राहिल्या. १९७८ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. शाळेबाहेर राहिलेल्या वस्तीतील मुलांना त्या वाचायला शिकवू लागल्या आणि त्यातून १९८४ साली 'प्रगत शिक्षण संस्था' उभी राहिली, पुढे 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा. परदेशात जन्मलेली एक विदुषी आपल्या लेकरांना आपली भाषा वाचायला शिकविण्यासाठी जन्म देते. आपण त्यापासून काही शिकणार की नाही?

त्यांच्या रीतीचे तत्त्व सोपे आहे. सगळी व्यंजने संपल्यावर बाराखडी, असा क्रम न ठेवता मोजकी अक्षरे आणि त्यांच्याबरोबरच एक-दोन स्वरचिन्हे द्यायची आणि लगेच अर्थपूर्ण शब्द वाचायला लावायचे. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात निलेश निमकर यांच्या 'क्वेस्ट' संस्थेनेही अक्षरांचे असे गट करून काम केले आहे. आपण येथे, या क्षणी हा प्रयोग करून पाहू. म, क, न, ल ही चार व्यंजने आणि काना व दुसरी वेलांटी या दोन खुणा घ्या. किती शब्द होतात? मामा, मामी, काका, काकी, नाना, नानी, नाक, कान, मान, काम, काल, लाल, नाल, माल, कमान. 'काल मामाला काम' असे अख्खे वाक्यही होते. जुन्या क्रमात मुलाला 'मामा' हा शब्द वाचायला कित्येक महिने थांबावे लागते. या क्रमात ते काही आठवड्यांत आपल्या घरातील सारे नातलग पाटीवर आणते. अक्षरामागे माणूस आहे, हे त्याला पहिल्याच टप्प्यावर कळते.

उलट, अननस ज्याने कधी पाहिले नाही त्याला 'अ अननसाचा' शिकविण्यात अर्थ काय? ऊस, ज्वारी, बाजरी, घोडनदी, एसटी आणि कंपनी हे ज्याचे जग आहे, त्याची पहिली अक्षरे त्याच जगातून यावीत.

कर्नाटकातील यादगीर आणि आपल्याकडील वाडा येथे २०११ पासून काही वर्षे प्रारंभिक वाचन-लेखनाचा एक दीर्घ अभ्यास झाला. वर्गातील वेळ प्रामुख्याने अक्षरे आणि फळ्यावरून उतरवून घेणे यांत जातो, अर्थावर, गप्पांवर आणि मुलाच्या स्वतःच्या लेखनावर अत्यल्प वेळ दिला जातो, असे त्यातून पुढे आले. फळ्यावरचे वहीत उतरविणे म्हणजे लेखन नव्हे. ती नक्कल आहे. सुंदर हस्ताक्षरात पान भरून उतरविणाऱ्या मुलाला त्यातील एक ओळ वाचायला सांगा. पुष्कळदा ते वाचू शकत नाही. लेखणी न अडखळण्याची अट पूर्ण झाली, अर्थाची राहिली.

घरची बोली आणि शाळेची भाषा

रांजणगावात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि या गावाचे रूप पालटले. एलजी, व्हर्लपूल, फियाट यांसारख्या कंपन्यांच्या आधाराने येथे केवळ मराठवाडा-विदर्भातील नव्हे, तर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथील कुटुंबे येऊन राहिली. कारखान्यांच्या हंगामात ऊसतोडणीच्या टोळ्या येतात, वीटभट्ट्यांवर वेगळी कुटुंबे असतात. एका वर्गात घरी भोजपुरी बोलणारे मूल, घरी गोरबोली बोलणारे बंजारा मूल, पारधी बोली बोलणारे मूल आणि आपल्या शिरूर तालुक्याची मराठी बोलणारे मूल शेजारी-शेजारी बसलेले असते.

मातृभाषेतून शिक्षण हा आपला आग्रह आहे. युनेस्कोने १९५३ सालच्या आपल्या प्रबंधात तो मांडला आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी, असे म्हटले. परंतु हा आग्रह प्रामाणिकपणे धरायचा, तर हेही मान्य करावे लागेल की या वर्गातील अनेक मुलांची मातृभाषा मराठी नाही. प्रमाण मराठी तर जवळपास कोणाचीच नाही. 'माज्या बापाची नाइट हाय' असे जे मूल म्हणते, त्याला आपण 'अशुद्ध बोलू नकोस' म्हणून थांबवितो. त्याच क्षणी ते मूल बोलायचे थांबते. जे बोलत नाही, ते लिहील कोठून? त्यापेक्षा शिक्षकांनी तेच वाक्य त्याच्या शब्दांत फळ्यावर लिहावे, त्याला वाचायला लावावे, आणि शेजारी 'माझ्या वडिलांची रात्रपाळी आहे' असे लिहून पुस्तकात हे असे लिहितात, एवढे सांगावे. बोलीचा अवमान न करता प्रमाणभाषा शिकविता येते. ज्ञानेश्वर माउलींनी संस्कृतातील ज्ञान लोकभाषेत आणले, ते लोकभाषेला कमी लेखून नव्हे.

परप्रांतातून आलेल्या मुलाच्या बाबतीत देवनागरी हा फार मोठा आधार आहे. हिंदी-भोजपुरीच्या मुलाला लिपी परकी नाही. त्याला अडतो तो ळ, अडतो तो आपला च आणि ज, आणि अडते ती शब्दसंपत्ती. त्याच्याशी दोन-तीन महिने भरपूर मराठी बोलले, गोष्टी सांगितल्या, गाणी म्हटली, तर ते वर्षभरात मराठी मुलांच्या बरोबरीने येऊ शकते. गावात आलेल्या माणसाला आपलेसे करण्याचा याहून सुंदर मार्ग कोणता?

पारधी मुलांचा प्रश्न अधिक खोल आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ साली तो कायदा गेला, पण शिक्का समाजाच्या मनातून पुसला गेला नाही. धाराशिव जिल्ह्यात यमगरवाडी येथे भटके विमुक्त विकास प्रतिष्ठानने या मुलांसाठी निवासी शाळा उभारली. या कामात अग्रेसर असलेले गिरीश प्रभुणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ज्या मुलाच्या आजोबांची अक्षराशी गाठ पोलीस ठाण्याच्या नोंदवहीतच पडली, ते मूल स्वतःचे नाव स्वतःच्या हाताने लिहिते, तेव्हा ती केवळ साक्षरता नसते. तो आत्मसन्मान असतो. समरसता हा शब्द आपण भाषणांत पुष्कळदा वापरतो. तिची पहिली परीक्षा पहिलीच्या वर्गात असते, आणि ती आपण शेवटच्या बाकावर बसलेल्या मुलाजवळ जातो की नाही यावर ठरते.

शाळा मुलाच्या दारी

गुरे राखायला गेलेले मूल शाळेत येत नाही, तर शाळाच कुरणावर नेऊ, असे म्हणून ताराबाईंनी कोसबाडला 'कुरणशाळा' चालविली. तोच विचार पुढे ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या साखरशाळांमध्ये आणि हंगामी वसतिगृहांमध्ये दिसला. घोड आणि भीमा यांच्या काठच्या आपल्या ऊसपट्ट्याला हे नवे नाही. ऐन थंडीत, वाचनाची घडी बसण्याच्या दिवसांत, मूल पाच-सहा महिने फडावर असते. परत गेल्यावर त्याची इयत्ता पुढे गेलेली असते आणि ते मागे. अशा मुलाला वयानुरूप वर्गात बसविणे हे कायद्याचे काम झाले. त्याचे सुटलेले धागे जोडून देणे हे माणसांचे काम आहे. फडाच्या कडेला, संध्याकाळी तासभर, पाच-सात मुलांना घेऊन बसणारा एक तरुण किंवा तरुणी प्रत्येक गावातून मिळाली, तर या मुलांचे वर्ष वाचेल. गावाने मनावर घेतले तर काय होते, ते याच शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीने दाखविले. लोकसहभागातून उभ्या राहिलेल्या तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेची कीर्ती राज्याबाहेर गेली.

इंग्रजी माध्यमाचा मोह

पालकहो, आता थोडे आपल्याशी. कंपनीत बढती मिळणाऱ्यांना इंग्रजी येते, हे आपण रोज पाहता. म्हणून पोटाला चिमटा घेऊन आपण मुलाला इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसविता. आपल्या हेतूला दोष देता येणार नाही. पण विचार करा. ज्या भाषेत मूल स्वप्न पाहत नाही, भांडत नाही, आईजवळ हट्ट करीत नाही, त्या भाषेतील अक्षरे त्याच्यासाठी केवळ आवाज आहेत. गुणाकारातील दुसरा अंक शून्य आहे. एका भाषेत वाचन पक्के झालेले मूल दुसरी भाषा वेगाने उचलते. जे एकाही भाषेत पक्के झाले नाही, ते दोन्हींकडे उपरे राहते. इंग्रजी अवश्य शिकवा, उत्तम शिकवा. पण तिचा पाया मराठीत घाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद आपण पेढे वाटून साजरा केला. परंतु आठ वर्षांच्या मराठी मुलाला मराठी गोष्ट वाचता येत नसेल, तर त्या दर्जाचे ताम्रपट वाचणार कोण?

करावयाचे काय?

शिक्षक बंधू-भगिनींनो, आपली ओढाताण मी जाणतो. द्विशिक्षकी शाळेत एकाच्या वाट्याला दोन-दोन वर्ग, त्यात सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहितीचा तगादा. शिकविण्याचा वेळ शिक्षकाला परत मिळाला पाहिजे, ही मागणी समाजानेही लावून धरली पाहिजे. तरीही काही गोष्टी आजच्या परिस्थितीत शक्य आहेत.

पहिली, रोज पंधरा मिनिटे मुलांना गोष्ट वाचून दाखवा. सांगून नव्हे, पुस्तक हातात धरून, बोट ओळीवर फिरवीत. अक्षरांतून गोष्ट निघते, हा चमत्कार त्यांना रोज दिसू द्या. दुसरी, कपाटातील पुस्तके बाहेर काढा. डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीदिनी, १५ ऑक्टोबरला, आपण वाचन प्रेरणा दिन पाळतो. पण पुस्तके फाटतील म्हणून वर्षभर कुलपात राहत असतील, तर प्रेरणा कोणाला मिळणार? फाटलेले पुस्तक हे वाचलेल्या पुस्तकाचे लक्षण आहे. तिसरी, रोज मुलाला त्याचे स्वतःचे एक वाक्य लिहू द्या. त्यात चुका असतील. आधी त्याने काय म्हटले आहे त्याला दाद द्या, मग एखादीच चूक दाखवा. चौथी, दर महिन्याला प्रत्येक मुलाला जवळ घेऊन दोन मिनिटे एकट्याने वाचू द्या. कोण कोठे अडले आहे, हे सामूहिक घोषात कधीच कळत नाही.

पालकांसाठीही काम आहे, आणि त्यासाठी आपण शिकलेले असण्याची गरज नाही. महागणपतीच्या दर्शनाला जाताना मुलाला पाट्या वाचायला लावा. एसटीवरील गावाचे नाव, दुकानाची पाटी, कंपनीच्या फाटकावरील फलक. पाळीवरून आल्यावर दहा मिनिटे मुलाला विचारा, आज काय वाचलेस, मला वाचून दाखव. स्वतःला वाचता येत नसेल तर तसे सांगा आणि ऐका. आईला वाचून दाखविणारे मूल आईपेक्षाही मोठा आनंद मिळविते. घरातील आजीला गोष्ट सांगू द्या. शब्दांचा साठा तेथूनच भरतो. आणि गणेशोत्सव मंडळांतील तरुणांना माझी विनंती आहे. ध्वनिक्षेपकावरील खर्चाचा थोडा भाग वाचवून वर्षाकाठी शंभर बालपुस्तके शाळेला द्या, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ वस्तीवरील मुलांबरोबर वाचायला बसा.

राष्ट्र उभे करण्याच्या गोष्टी आपण मोठ्या आवाजात करतो. ते उभे राहते फार हळू आवाजात. एखाद्या खोलीत, गुडघ्यावर पाटी घेतलेल्या मुलाने पहिल्यांदा स्वतःच्या बळावर 'मामा' वाचले, तेथे. आपल्या गावातील तिसरीच्या वर्गात असे किती जण अजून राहिले आहेत, त्यांची नावे उद्या शाळेत जाऊन विचारा, आणि त्यांतील एक नाव आपल्या माथी घ्या. एवढेच मागणे मागून आपली रजा घेतो.